‘आलोच’, ‘येतो’ की ‘दुकान वाढवलं’?

आमच्या आजीच्या घरात ‘जाते’ या शब्दावर बंदी आहे. चपला पायात सरकवत ‘आजी, जाते गं’ म्हटलं, की आतून आवाज आलाच, ‘जाते काय, येते म्हण!’ तिच्याकडे दुकान बंद करत नाहीत, दुकान ‘वाढवतात’. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. एखादी गोष्ट संपवताना, मिटवताना किंवा सोडून निघताना नेमकं काय म्हणायचं, याचं तिचं एक अख्खं शास्त्र आहे. मी पडले आयटीवाली. मला हे सगळं सॉलिड गमतीचं वाटायचं. म्हणजे गेल्या वर्षीच्या एका मंगळवारपर्यंत.

झालं काय, मुंबईत लोअर परळला क्लायंटकडे प्रेझेंटेशन होतं. पहिल्यांदाच मी एकटी उभी राहून बोलणार होते, बॉस फक्त शेजारी बसणार होता. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत एक्सेलमधले आकडे दुरुस्त करत बसले. मग डोळे मिटायला लागले, तसं लॅपटॉपचं झाकणही मिटलं. म्हटलं, शेवटचा हात सकाळी गाडीत फिरवू. सकाळी तो तसाच सॅकमध्ये टाकला, शिवाजीनगरला डेक्कन क्वीन पकडली, डायनिंग कारमधून ऑम्लेट मागवलं आणि घाटातलं धुकं बघत मस्त बसले. कर्जत मागे पडलं तेव्हा मांडीवरच्या सॅकला हात लागला. चटका! नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीवर हात पडावा तसा. आत पंखा घूं घूं करत फिरत होता.

घाईघाईनं झाकण उघडलं. बॅटरी चार टक्के. फाइल मेल करावी म्हणून नेट जोडायला घेतलं आणि स्क्रीन काळा. चार्जर? घरी, डायनिंग टेबलावर.

क्लायंटच्या ऑफिसात तीन जणांनी तीन चार्जर आणून दिले. एकाची पिन जाड, एकाची बारीक, एकाची चपटी. माझ्या लॅपटॉपला एकही बसेना. शेवटी बॉसच्या लॅपटॉपवर मी रात्री नऊला मेल केलेली जुनी फाइल उघडली. सातव्या स्लाइडवर समोरचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, ही बेरीज जुळत नाहीये.’ जुळत नव्हतीच. ती मी साडेबाराला दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली बेरीज माझ्या सॅकमध्ये होती, एका थंड होत चाललेल्या डब्यात.

ते काम आम्हाला मिळालं नाही. फक्त त्या बेरजेमुळे नसेल गेलं, असं मी अजूनही स्वतःला सांगते. परतीच्या गाडीत बॉस एक शब्दही बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. रात्री घरी येऊन चार्जर लावला, तर फाइल अगदी ठणठणीत! पुरता पोपट झाला.

नंतर डोकं थंड झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चूक बॅटरीची नव्हती. चूक शब्दाची होती. सहा-सात तासांनी भेटायचं असताना, तेही वाटेत सॅकमध्ये कोंबून नेताना, मी त्या बिचाऱ्याला काय सांगून ठेवलं होतं? ‘आलेच हं दोन मिनिटांत!’ तो रात्रभर आणि अख्खा घाट उतरेपर्यंत माझी वाट बघत जागा राहिला.

एक बटण होतं, तेव्हा...

काही वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९९५ साली विंडोज ९५ आलं. त्यात बंद करण्यासाठी आधी ‘स्टार्ट’ दाबायचं, यावर तेव्हा भरपूर जोक्स झाले. मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. म्हणजे मशीन म्हणायचं, ‘माझं आवरलं, आता तू बटण दाब.’ आपण खटका खाली करायचा, विषय संपला. लाइट-पंख्याइतकं सोपं.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी मिळून ‘एसीपीआय’ नावाचा एक नियमसंच जाहीर केला. कॉम्प्युटरची वीज कधी, किती आणि कशी तोडायची, याचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मधल्या पायऱ्यांना नंबर मिळाले. एस-३ म्हणजे स्लीप, एस-४ म्हणजे हायबरनेट, एस-५ म्हणजे बंद. सोय झाली खरी, पण निवडायचं कामही आपल्याच गळ्यात पडलं.

आणि मग २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा सगळ्यांच्या हातात आलं. त्याच्या स्टार्ट मेनूतल्या बाणावर टिचकी मारली, की सात पर्याय उघडायचे. स्विच यूजर, लॉग ऑफ, लॉक, रीस्टार्ट, स्लीप, हायबरनेट, शट डाऊन! घरी जायची घाई आणि समोर उडप्याच्या हॉटेलातलं मेनूकार्ड. वर शेजारी पॉवरचं चिन्ह असलेलं एक बटण होतं, ते दाबलं की मशीन बंद होईल असं कुणालाही वाटावं. पण मुळात ते मशीनला बंद करायचं नाही, झोपवायचं. आता मेनू बराच आटोपशीर झालाय, पण गोंधळ तोच आहे. आपल्यापैकी बहुतेक जण त्यावर एकच उत्तर काढतात. झाकण मिटायचं आणि निघायचं.

झाकण मिटणं हाही एक हुकूमच असतो बरं का. झाकणात बारीकसं लोहचुंबक आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर असतो. दोघं जवळ आले, की मशीनला कळतं की झाकण मिटलं. पुढे काय करायचं ते सेटिंग ठरवतं. आणि ते सेटिंग आपण कधीच बघितलेलं नसतं.

‘आलोच!’ म्हणजे स्लीप

हे समजायला स्वयंपाकघरात चला. लॅपटॉपची रॅम म्हणजे ओटा. तुम्ही उघडलेल्या फाइली, टॅब, गाणी, सगळा पसारा ओट्यावर. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे फडताळ. ओट्यावरचं पटकन हाताशी येतं, पण एक गोची आहे. रॅमला वीज मिळत राहिली तरच त्यातलं टिकतं. वीज गेली की ओटा लख्ख कोरा.

स्लीपमध्ये मशीन स्क्रीन, डिस्क, प्रोसेसर असं जवळपास सगळं बंद करतं आणि फक्त ओटा जिवंत ठेवतं. म्हणून झाकण उघडलं की दोन सेकंदांत सगळं जिथल्या तिथे. चहाला जाताय, मीटिंगसाठी या मजल्यावरून त्या मजल्यावर जाताय, जेवायला उठताय, तर स्लीप झक्कास.

वीज किती जाते? समजा, झोपलेलं मशीन एक वॉट खातंय. महिनाभर अखंड झोपवून ठेवलं तरी पाऊण युनिटसुद्धा होत नाही. बिलाचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते बॅटरीचं. लॅपटॉपची बॅटरी पन्नास वॉट-तासांची धरली, तर एका वॉटच्या हिशेबानं ती दोन दिवस पुरेल. पण सॅकमध्ये मशीन जागं होऊन दहा वॉट खायला लागलं, तर तीच बॅटरी पाच तासांत खल्लास. माझ्या मंगळवारचा हिशेब हा असा.

आता तुम्ही म्हणाल, झोपलेलं मशीन आपोआप जागं कसं होईल? तर हल्लीची झोप पूर्वीसारखी गाढ राहिलेली नाही. विंडोज ८ च्या वेळी, म्हणजे २०१२ मध्ये, लॅपटॉपनं मोबाइलसारखं झोपावं अशी कल्पना आली. पडदा बंद, पण आत मेल येतायत, अपडेट उतरतायत. विंडोज १० मध्ये तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ असं नाव मिळालं आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपमधून जुनी एस-३ झोप गायबच झाली. सगळं सुरळीत असेल तर ही सोय मस्त आहे. पण एखादं अपडेट अडलं, एखादा ड्रायव्हर हट्टाला पेटला, तर ही झोप म्हणजे रात्रभर कूस बदलणं. टेबलावर हे चालून जातं. सॅकमध्ये हवा खेळत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेचं जन्मजात वावडं.

तुमचं मशीन कुठल्या जातीची झोप घेतं, हे बघायचंय? कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पॉवरसीएफजी’ टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि ‘ए’. तुमच्या लॅपटॉपला जमणाऱ्या सगळ्या झोपांची यादी समोर येईल. पत्रिकाच म्हणा ना!

आणि हो, चहाला जाताना झोपवायचा कंटाळा येत असेल तर निदान लॉक तरी करा. विंडोजची कळ आणि ‘एल’. नाहीतर परत येईपर्यंत तुमच्याच मेलवरून अख्ख्या टीमला ‘आज माझ्याकडून पार्टी’ असं आमंत्रण गेलेलं असतं. आमच्या मजल्यावर या एका कारणानं जितके सामोसे खाल्ले गेलेत, तितके वाढदिवसांनाही नसतील.

‘येतो!’ म्हणजे हायबरनेट

हा खरा हिरो, पण कायम पडद्यामागे. हायबरनेट करताना मशीन ओट्यावरचा सगळा पसारा जसाच्या तसा उचलून फडताळात ठेवतं. सी ड्राइव्हवर त्यासाठी एक लपवलेली मोठी फाइल असते. मग वीज पूर्ण बंद. पुन्हा सुरू केलं की फडताळातून सगळं परत ओट्यावर, अर्धवट लिहिलेल्या वाक्यासकट. स्लीपपेक्षा दहा-वीस सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी जवळपास जिथल्या तिथे राहते आणि सॅक थंड. दोन दिवसांनी उघडा नाहीतर दोन आठवड्यांनी.

मग हा मेनूत दिसत का नाही? कारण विंडोज ८ पासून तो मुळातच लपवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा. डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ आहे. तिथे सध्या न बदलता येणाऱ्या सेटिंगची ओळ दाबली, की खाली हायबरनेटची चौकट टिक करता येते. तिथेच झाकण मिटल्यावर काय व्हावं, तेही ठरवता येतं, बॅटरीवर असताना वेगळं आणि चार्जर लावलेला असताना वेगळं. मी आता बॅटरीवर असताना झाकण मिटलं की हायबरनेट, असं ठेवलंय. चार्जर काढला म्हणजे मी कुठेतरी निघालेय, इतकं साधं लॉजिक. कंपनीच्या लॅपटॉपवर हे सेटिंग कुलूपबंद असू शकतं. मग आयटीवाल्याला चहा पाजा.

‘सारखं लिहून एसएसडी झिजेल ना!’ असं एक मित्र ठासून सांगतो. हिशेब करू या. एका वेळी आठ जीबी लिहिले, दिवसातून दोनदा, तरी वर्षाला सहा टीबीच्या आत. साध्या एसएसडीसुद्धा शेकडो टीबी लिहिण्याच्या हिशेबानं बनवतात. तोवर तुमची नोकरी तीनदा बदललेली असेल.

मॅकवाल्यांनी इथे गालात हसू नये. त्यांच्या मेनूत हायबरनेट नाहीच, पण ती युक्ती आत बसवलेली आहे. २००५ च्या पॉवरबुकपासून ॲपलनं ‘सेफ स्लीप’ आणलं. झोपताना रॅमची एक प्रत डिस्कवर ठेवायची, म्हणजे बॅटरी संपली तरी पसारा शाबूत. ‘आलोच’ म्हणता म्हणता ‘येतो’चीही सोय करून ठेवायची, असं ते गणित.

‘दुकान वाढवलं!’ म्हणजे शट डाऊन, पण खरंच?

आता सगळ्यात मोठा गौप्यस्फोट. विंडोजवर तुम्ही ‘शट डाऊन’ म्हणता तेव्हा बहुतेक वेळा मशीन पूर्ण बंद होतच नाही!

२०१२ पासून विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम आणि फाइली बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल आणि ड्रायव्हर, हायबरनेट केल्यासारखे डिस्कवर जपून ठेवले जातात. उद्देश चांगला, सकाळी मशीन झटपट सुरू व्हावं. पण त्या गाभ्यातच काही बिघडलेलं असेल, तर तेही जपून ठेवलं जातं. दुकान वाढवलं, शटर ओढलं, पण आत मुनीमजी तसेच गल्ल्यावर बसलेले.

खात्री करायचीय? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ दिसेल, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते. फास्ट स्टार्टअप असेल तर रोज रात्री इमानदारीत शट डाऊन करणाऱ्यालाही तिथे आठवडे दिसू शकतात. माझा आकडा होता १९ दिवस.

खरंखुरं बंद करायचं असेल तर शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग शट डाऊन निवडा. किंवा मघाच्याच पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका. जुन्या हार्ड डिस्कच्या जमान्यात मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. तेव्हा ही सोय ठीक होती. एसएसडी असेल तर फरक मोजक्या सेकंदांचा.

विमानानं जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. लॅपटॉप शक्यतो केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या बॅगेत टाकायची वेळ आलीच, तर नियम असा आहे की तो पूर्ण बंद हवा. स्लीप चालत नाही, हायबरनेटही चालत नाही.

‘मॅडम, रीस्टार्ट केलंत का?’

आमच्या डेस्क सपोर्टवाल्याचं हे ब्रीदवाक्य. प्रिंटर दिसत नाही? रीस्टार्ट. वायफाय लागत नाही? रीस्टार्ट. मी नेहमी वैतागून म्हणायचे, ‘अहो, आत्ताच बंद करून चालू केलाय!’ तो तितक्याच शांतपणे म्हणायचा, ‘बंद-चालू नाही मॅडम, रीस्टार्ट.’ मला वाटायचं, काय हा शब्दांचा कीस! पण तो शंभर टक्के बरोबर होता. रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअपची लबाडी नसते. गाभा खरोखर मोडून नव्यानं उभा राहतो. म्हणजे विंडोजमध्ये ‘बंद’पेक्षा ‘रीस्टार्ट’ जास्त बंद असतो. आजीला सांगितलं तर ती म्हणेल, तुमच्यापेक्षा आमची भाषा बरी.

रीस्टार्टनं गोष्टी सुधारतात त्यात जादू नाही. प्रोग्रॅम रॅम वापरतात आणि कधी कधी परत करायला विसरतात. आकडे मोजणारी आतली मीटरं भरत जातात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अशी एक चूक होती. मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं, की ते ठप्प होऊ शकायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा आकडा भरून वाहायचा. गंमत म्हणजे इतके दिवस ते न अडखळता चालणंच मुश्कील होतं! पण याच जातीची गोष्ट २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांत निघाली. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रण यंत्रणा स्वतःहून बंद पडू शकते, म्हणून त्याआधी विमानाची वीज एकदा बंद करून चालू करा, असा आदेश अमेरिकेच्या विमान नियामकांना काढावा लागला. विमानालाही ‘रीस्टार्ट केलंत का?’ विचारावं लागतं, तिथे आपल्या लॅपटॉपचं काय घेऊन बसलात?

आणि बटण दाबून धरणं? ती शेवटची पायरी. मशीन पूर्ण हँग झालं, माऊस हलेना, कशालाच ओ देईना, तरच पॉवरचं बटण दाबून धरा. काही मशीनना चार सेकंद पुरतात, काहींना दहा. यात सेव्ह न केलेलं जातं आणि लिहिणं चालू असतानाच वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते. अपडेट चालू असताना तर हात मागे बांधून बसा.

चोर आला तर?

लोकलच्या रॅकवर बॅग ठेवताना आपण तिच्यावर नजर ठेवतो, पण आतला लॅपटॉप झोपलेला आहे की बंद, यावर नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, म्हणजे बिटलॉकरसारखं कुलूप असेल, तरी मशीन झोपलेलं असताना त्या कुलपाची किल्ली रॅममध्येच असते. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वीज तोडल्यावरही रॅममधली माहिती लगेच पुसली जात नाही. चिप गार केली तर ती मिनिटंच्या मिनिटं टिकते आणि किल्ली मिळवता येते. गार कशानं केली? कीबोर्डची धूळ उडवायला जो हवेचा डबा मिळतो, तो उलटा धरून! साधा पाकीटमार हे करणार नाही, मान्य. पण तुमच्या लॅपटॉपवर क्लायंटचा डेटा असेल, तर प्रवासात हायबरनेट किंवा शट डाऊन. ‘आलोच’ म्हणून किल्ली दाराला ठेवून लोकलमध्ये चढायचं नाही.

फ्रिजवर लावण्यासाठी

चहा, जेवण, मजला बदलणं: स्लीप. निदान लॉक तरी.

सॅकमध्ये टाकून कुठेही निघणं, अगदी अर्ध्या तासासाठी: हायबरनेट. पंखा थांबला आणि दिवा विझला, याची खात्री करूनच चेन लावा.

काहीतरी बिघडलंय किंवा अपडेट आलंय: रीस्टार्ट. आठवड्यातून एकदा काही न बिघडताही.

सुट्टी, शुक्रवारची रात्र, विमानाचं चेक-इन: खरं शट डाऊन, शिफ्ट दाबून.

काहीच हलत नाहीये: बटण दाबून धरा आणि देवाचं नाव घ्या.

आणि सगळ्याच्या आधी: सेव्ह! शिवाय एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर. हे मला सातव्या स्लाइडनं शिकवलंय.

अजून एक

खरं तर लेख इथे संपायला हवा. पण त्या १९ दिवसांच्या आकड्यानं मला जरा हलवलं. एसएसडीवाला लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. मग मी तो बंद का करत नव्हते? वेळ वाचवायला? छे. उघडलेल्या टॅब मोजल्या, ४१ निघाल्या. वाचायच्या राहिलेल्या, उत्तर द्यायच्या राहिलेल्या, नंतर बघू म्हटलेल्या. मी मशीन नाही, ते अर्धवट काम मिटायला घाबरत होते. आणि झाकण उघडलं की दोन सेकंदांत ऑफिस समोर, म्हणून रात्री साडेअकराला ‘फक्त एक मेल’. मी स्वतःच मॉडर्न स्टँडबायवर होते. पडदा बंद, आत सगळं चालू, आणि हळूहळू तापत चाललेलं.

आता दर शुक्रवारी संध्याकाळी मी एक काम करते. टॅबमधलं खरंच लागणारं असेल ते बुकमार्क करते. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी काय करायचं, त्या तीन ओळी कागदावर लिहिते. हो, कागदावर. मग शिफ्ट दाबून शट डाऊन. पहिल्या शुक्रवारी हात थरथरला, खोटं कशाला बोलू? सोमवारी त्या ४१ पैकी एकाही टॅबची आठवण झाली नाही.

परवाच्या शुक्रवारी आजीकडे जेवायला गेले होते. पानं घेईपर्यंत कोपऱ्यात बसून लॅपटॉपवर खुडबुड चालली होती. आजी पाटावर बसत म्हणाली, ‘अगं, मिटलंस का ते एकदाचं?’

म्हटलं, ‘मिटलं नाही आजी, दुकान वाढवलं.’

तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाली, ‘शिकलीस हो! बस आता, वरण निवतंय.’

तर मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत, येते हं!